बीड कापत नाही

तांडापेठेतल्या आमच्या घराला गॅरेज आहे, गाडी नाही.
गाडी विकली, त्या पैशात कटिंग सेट आणला
हिंगण्याच्या एका बंद पडलेल्या शेडमधून.
दोन रेग्युलेटर, एकाची काच तडकलेली,
निळी नळी, लाल नळी
आणि पितळेचा टॉर्च,
मानेशी धरलेल्या बदकाएवढा जड.
हेमलता म्हणाली, रिटायर झाल्यावर लोक कुंड्या लावतात.
मी म्हणालो, बरं.

ऑक्सिजनचं सिलिंडर काळं, ॲसिटिलीनचं मरून.
मरूनचे आटे उलटे, डावीकडे फिरवून आवळायचे,
एकाचं दुसऱ्याला चुकून लागू नये म्हणून.
आमच्या घरात बापलेकांसाठी
अशी सोय कुणी केली नव्हती.

पहिल्या दिवशी नुसतं ॲसिटिलीन पेटवलं
आणि ऑक्सिजन द्यायला उशीर केला.
काजळीचे काळे धागे उठले,
तरंगत गेले भिंतीपलीकडे
पौनीकर काकूंच्या कुरडयांवर.
"काऊन रे गुणवंता, मसणवटा मांडला का घरात?"
मे महिना. बाहेर शेहेचाळीस,
आत मी चामड्याचे हातमोजे घालून
तीन हजार डिग्रीसमोर बसलेला.
काकूंचं काही चुकलं नव्हतं.

मग हात बसला. गल्लीतल्या अर्ध्या कूलरचे स्टँड माझे आहेत.
आणि एक कळलं, की टॉर्च कापत नाही.
तो फक्त तापवतो, पळसफुलासारखं लाल होईस्तोवर.
मग लिव्हर दाबायचा, झोत सोडायचा,
आणि लोखंड स्वतःच जळायला लागतं,
जळतं तिथून तुटतं.
घाई केली तर काप मागे राहतो,
रेंगाळलं तर कडा ओघळतात.

ही खोली मुळात मागाची.
दोन पॉवरलूम होते. एक भंगारात गेला,
दुसरा कोपऱ्यात, ताडपत्रीखाली.
बाबांनी तो एक्केचाळीस वर्षं चालवला,
त्यानं बाबांचे कान घेतले.
आता ते दारात खुर्ची टाकून
ठिणग्या बघतात, मॅच बघावी तशा.

मला टेबलाला जागा हवी होती.
विचारलं बाबांना, म्हणजे हातवारे केले.
त्यांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.
मी हो धरलं.

फ्रेमच्या वरच्या कडेवर खडूची रेघ मारली.
तापवली. लाल झाली. लिव्हर दाबला.
काही नाही.
झोत आपटून परत आला,
तोंडावर थुंकल्यासारखे गोळे उडाले.
नोझल साफ केलं, मग बदललं, प्रेशर वाढवलं.
रेघेच्या जागी एक खळगा पडला फक्त,
भाजल्या वांग्यासारखा सुरकुतलेला.

बाबा काठी टेकत आत आले आणि
सगळं जगच बहिरं असल्यासारखं ओरडले:
"ते बीड हाय बे! जळत नाई ते.
घन मार, फुटन."

घन तिथंच होता, आठ पौंडी. उचलला.
बाबा हलले नाहीत.
गरम नव्हती तिथं त्यांनी फ्रेमवर तळहात टेकवला,
कान गेल्यावर चालता माग ते असाच ऐकायचे,
हातानं,
कुठला धागा तुटला तेही सांगायचे.

मी घन खाली ठेवला.
ते म्हणाले, "काऊन?"
मी म्हणालो, "उन्हाचं नको."
त्यांना ऐकू आलं नाही.

टेबल आता अंगणात, पत्र्याखाली.
सिलिंडर उभी ठेवावी लागतात, साखळीनं बांधून.
साखळी मागाच्या फ्रेमला अडकवलीय.
रात्री व्हॉल्व्ह बंद करतो,
नळीतला उरलेला गॅस बाहेर सोडतो,
आणि दार लावताना बघतो:
त्या खळग्यात बाबांची चुन्याची डबी.
बरोबर बसते.